मिरजेला परतलेली रेल्वेची बास्केटबॉलपटू: एक प्रकरण अभ्यास

भारतात बास्केटबॉलवर पोट भरायचं तर खात्याची नोकरी लागते. पुरुषांसाठी २०१५ मध्ये यूबीए लीग आली आणि काही हंगामांत थांबली. २०२२ मध्ये आयएनबीएल ही दुसरी लीग सुरू झाली. महिलांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्यांचा खरा क्लब म्हणजे भारतीय रेल्वे, आणि वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेच्या मुलींचाच दबदबा राहिला आहे. गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या संघांच्या चाचणीलाही गेली, पण तिचंही घर दक्षिण रेल्वेच होतं.

त्यामुळे इथे खेळाडू निवृत्त होते म्हणजे नेमकं काय होतं, ते नीट पाहायला हवं. कोर्टवरून ती चौतिसाव्या वर्षी उतरते, नोकरी मात्र साठाव्या वर्षापर्यंत असते. मधली सव्वीस वर्षं ज्या टेबलावर काढायची, ते टेबल तिने जवळपास पाहिलेलंच नसतं. अवघड भाग हा आहे. खाली मांडलेलं प्रकरण प्रातिनिधिक आहे, एका व्यक्तीचं नाही. म्हणून नाव दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

खेळाडू मूळची मिरजेची. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर बाराव्या वर्षी सुरुवात, पुढे राज्याचा कनिष्ठ संघ, मग शिवाजी विद्यापीठाचा संघ. बी.कॉम. झाल्यावर २०१० मध्ये क्रीडा कोट्यातून मध्य रेल्वेत मुंबईला ज्युनियर क्लर्क-कम-टायपिस्ट. उंची १७६ सेंटीमीटर, कोर्टवरची जागा गार्डची, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारीची. भारतीय संघाच्या शिबिरात दोनदा बोलावणं आलं, अंतिम बारा जणींत नाव लागलं नाही. २०१६ मध्ये उजव्या गुडघ्याचा एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) तुटला. शस्त्रक्रिया झाली आणि दहाव्या महिन्यात ती परत कोर्टवर उतरली. २०२२ मध्ये त्याच गुडघ्यातला मेनिस्कस (हाडांमधली कूर्चेची गादी) फाटला, त्याचा फाटका भाग काढून टाकावा लागला. २०२३ च्या हंगामानंतर खेळ थांबवला. सासर तासगाव तालुक्यातलं, नवऱ्याची द्राक्षबाग, एक मुलगी. त्यामुळे बदली मागायची ती मिरजेलाच, हे ठरलेलं होतं.

शिबिरापर्यंत पोचून अंतिम संघाबाहेर राहणं हा तपशील पुढे पैशांच्या हिशेबात फार जड जातो. केंद्राची गुणवंत खेळाडूंसाठीची निवृत्तिवेतन योजना ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा स्पर्धांतल्या पदकांसाठी आहे. राष्ट्रीय स्पर्धेतली पदकं कितीही असली तरी ती तिथे चालत नाहीत. म्हणजे या खेळाडूजवळ इतक्या वर्षांच्या खेळाचं जे काही उरलं, ते सगळं तिच्या नोकरीत आहे.

ऑफिसमधलं पहिलं वर्ष

खेळत असताना शिबिरं आणि स्पर्धांसाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते, एरवी सरावासाठी अर्ध्या दिवसाची सवलत. हंगामाचे महिने ऑफिसात हजेरीपुरतंच यायचं. सहकाऱ्यांची तेव्हा हरकत नसते, कारण ऑफिसात ढाल येते, फोटो लागतो. खेळ थांबला की त्याच सहकाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो: हिला काम येतं का?

आणि काम येत नव्हतं. टायपिंगची अट (इंग्रजी मिनिटाला ३० शब्द किंवा हिंदी २५) तिने उशिरा पूर्ण केली होती. सेवापुस्तकातल्या नोंदी, रजेचा हिशेब, पगारपत्रकातल्या दुरुस्त्या ही कामं तेरा वर्षांत हाताखालून गेलीच नव्हती. सीनियर क्लर्कच्या पाचव्या वेतनस्तरावर ती बढतीने पोचली होती, पण पुढच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटच्या निवडीत बरोबरीचे लोक नियम तोंडपाठ असलेले होते.

यावर जो उपाय लागू पडला तो अगदी साधा होता, आणि तो खेळ थांबायच्या तीन वर्षं आधी करायला हवा होता. हंगाम नसलेल्या महिन्यांत एक ठरावीक टेबल मागून घ्यायचं, तेही आस्थापना विभागातलं, म्हणजे जिथे कर्मचाऱ्यांच्या रजा-पगाराच्या नोंदी होतात तिथलं. रजेचा हिशेब आणि वेतननिश्चिती या दोनच गोष्टी वर्षभर घोटल्या तरी ऑफिसात माणूस उपयोगाचा ठरतो. तिने हे २०२३ मध्ये सुरू केलं. सहा महिन्यांत रजेचं टेबल एकटीने सांभाळायला लागली. खेळाडूला रोज तीच गोष्ट शंभर वेळा करायची सवय असते, ती इथे थेट कामी येते. फक्त तिला कुणीतरी काम द्यावं लागतं. तेरा वर्षं तिला ते कुणी दिलं नव्हतं. हा दोष तिचा नाही.

बदली

मुंबईहून मिरज म्हणजे पुणे विभागात जाणं, म्हणजे विभाग बदलणं. स्वतःच्या विनंतीवरून विभाग बदलला की नव्या ठिकाणी ज्येष्ठता यादीत तळाशी जावं लागतं. शिवाय अशी बदली मिळते ती ज्या पदावर थेट भरती होते, अशाच पदावर. थेट भरतीला लागणारी पदवी असल्यामुळे तिचं सीनियर क्लर्कचं पद निभावलं, नाहीतर खालचं पद स्वीकारून यावं लागलं असतं. दुसरा मार्ग परस्पर बदलीचा. त्यात दोघांपैकी ज्याची ज्येष्ठता कमी, ती मिळते. साधारणपणे हा मार्ग चांगला, पण मिरजेहून मुंबईला जायला तयार असलेला माणूस सापडावा लागतो. तो सापडला नाही.

घरभाड्याचाही फरक पडतो. महागाई भत्ता ५० टक्के झाल्यापासून मुंबईत मूळ वेतनाच्या ३० टक्के घरभाडे भत्ता आहे, सांगली-मिरजेत २०. मूळ वेतन ३७,००० धरलं तर महिन्याला ३,७०० रुपये कमी. मिरजेत राहण्याचा खर्च मुंबईच्या निम्माही नाही, त्यामुळे हा तोटा परवडतो. ज्येष्ठतेचा तोटा मात्र खरा आहे आणि तो डोळे उघडे ठेवून सोसावा लागतो.

राजीनाम्याचा विचार

बदलीची वाट पाहण्यात वर्ष गेलं. त्या काळात घरात आणि पाहुण्यांत एकच सूर होता: राजीनामा दे, मिरजेत अकॅडमी काढ, मुली आपोआप येतील. सासऱ्यांचं म्हणणं तर असं, की बागेच्या कडेची अर्धा एकर पड जमीन आहेच, तिथेच मैदान कर. हेतू चांगला होता. पण हिशेब मांडल्यावर चित्र वेगळं दिसलं.

२०२४ मध्ये ५० टक्के महागाई भत्ता धरून ३७,००० मूळ वेतनावर भत्ता १८,५००, घरभाडं ७,४००, मिळून ६२,९०० रुपये. वर्षाला साडेसात लाखांच्या घरात. आता अकॅडमी धरू: चाळीस मुली, महिना ७०० रुपये फी, पावसाळा आणि परीक्षा वजा जाता वर्षाचे दहा महिने. जमा होतात २ लाख ८० हजार. त्यातून मदतनीस प्रशिक्षकाला महिना ८,००० दिले तर दहा महिन्यांचे ८०,००० गेले. चेंडू, जाळ्या, दिव्यांचं बिल आणि मैदानाची डागडुजी अजून बाकीच. मिरजेत मुलींच्या बास्केटबॉलसाठी ७०० रुपये देणारी चाळीस घरं पहिल्याच वर्षी मिळतील, हेसुद्धा आपण उदारपणे धरलं आहे.

राजीनाम्याची खरी किंमत तर याच्याही पुढे आहे. २००४ नंतर लागलेली असल्यामुळे ती एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत). साठीच्या आधी राजीनामा दिला तर जमा रकमेच्या किमान ८० टक्क्यांची वार्षिकी (ठरावीक हप्त्यांनी पेन्शन देणारी योजना) घ्यावी लागते, हातात २० टक्केच येतात. मैदान बांधायला पैसे लागणार म्हणून राजीनामा द्यायचा, आणि पैसे वार्षिकीत अडकायचे, असा तो पेच आहे. २०२५ पासूनच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत २५ वर्षं सेवा झाली तर सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं हमीचं वेतन मिळतं, पण राजीनामा देणाऱ्याला ती हमी नाही. राजीनाम्याने मागची सेवाही निवृत्तीच्या लाभांसाठी बाद होते. रेल्वेचं वैद्यकीय संरक्षण जातं. ज्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे त्याला पुढे तिसरी लागू शकते, हे लक्षात घेतलं तर हा मुद्दा सगळ्यात मोठा ठरतो.

आणि बाग. द्राक्षाचं उत्पन्न एका अवकाळीवर फिरतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पोंग्यात, म्हणजे कोवळी फूट निघताना, पाऊस सापडला की फवारण्यांचा खर्च दुप्पट आणि माल निम्मा. त्या घरातलं एकमेव पक्कं उत्पन्न म्हणजे हिचा पगार. तो सोडून मैदान बांधणं आम्हाला कुठल्याही अर्थाने शहाणपणाचं वाटत नाही.

अकॅडमीची ओढ मात्र खरी होती आणि ती मारायची गरज नव्हती. रेल्वे सेवा आचरण नियमांतला १५ वा नियम मंजुरीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करू देत नाही. नवऱ्याच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावाने धंदा असेल तर तेही कळवावं लागतं. म्हणून ‘नवऱ्याच्या नावावर काढू’ ही पळवाट सुचली तरी ती लपवून चालत नाही. याच नियमात हौशी म्हणून खेळात भाग घेणं आणि विनामोबदला सामाजिक काम करणं, याला मुभा आहे. मार्ग तोच निघाला: शाळेच्या मैदानावर, फी शाळा घेईल, हिला मानधन नाही, आणि ऑफिसला लेखी कळवलेलं. बदली २०२४ च्या अखेरीस झाली आणि नव्या वर्षापासून सराव सुरू झाला.

गुडघा आणि वजन

खेळ थांबल्यावर चौदा महिन्यांत वजन ६८ वरून ७७ किलोवर गेलं. सराव दिवसाला तीन तासांवरून शून्यावर आला, जेवण तेवढंच राहिलं. जवळपास प्रत्येक खेळाडूचं हेच होतं. वजन एक किलो वाढलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने वाढतो. मेनिस्कस कापलेल्या गुडघ्यासाठी नऊ किलो म्हणजे मोठं ओझं. एसीएल किंवा मेनिस्कसची इजा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत संधिवात गाठतो, आणि महिला खेळाडूंत एसीएल तुटण्याचं प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट असल्याने रेल्वेच्या संघांत असे गुडघे भरपूर आहेत.

इथे एक चूक वारंवार होते, ती इंजेक्शनची. खेळत असताना नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, भीती असते. १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन प्रतिबंधित आहे. निवृत्तीनंतर ती भीती संपते आणि दुखलं की सुई घेण्याची सवय लागते. एखादं इंजेक्शन ठीक. पण दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर उरलेली कूर्चाच झिजते. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या महिनोन्महिने खाण्याचं दुखणं पोट आणि मूत्रपिंड यांच्यावर निघतं.

तिला लागू पडलेला कार्यक्रम असा. आठवड्यातून चार दिवस सकाळी सायकल, मिरज-सांगली रस्त्यावर विश्रामबागपर्यंत आणि परत. रस्ता सपाट आहे, गुडघ्याला धक्का नाही. सीटची उंची अशी, की पायडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. सीट खाली असली तर वाटीच्या मागे दुखतं, आणि मग लोक सायकललाच दोष देतात. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम: पाय सरळ ठेवून उचलणं, रबरी पट्टा गुडघ्यामागे अडकवून गुडघा पूर्ण सरळ करणं, आणि १५ सेंटीमीटरच्या पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरणं, प्रत्येकी बाराचे तीन संच. पायरीच्या व्यायामात आरसा समोर हवा. गुडघा आतल्या बाजूला झुकला की संच तिथेच थांबवायचा, कारण एसीएल तुटतो तो याच झुकावात.

जेवणात दुपारच्या सहा पोळ्यांच्या जागी ज्वारीच्या दोन भाकरी, उसळीची मोठी वाटी आणि ताक. प्रथिनं दिवसाला ८५ ग्रॅमच्या आसपास ठेवली: दोन अंडी, अर्धा लिटर दूध, उसळ, डाळ, दही आणि मूठभर शेंगदाणे मिळून ती जवळपास भरतात. पहिले दोन महिने वजन हललं नाही, कारण संध्याकाळच्या भडंगाचा हिशेब कुणी धरलाच नव्हता. तो धरल्यावर आठ महिन्यांत ७१ वर आलं.

मैदान

सासऱ्यांच्या जागेवर मैदान का केलं नाही, तेही सांगायला हवं, कारण सांगली जिल्ह्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कोर्ट २८ बाय १५ मीटर. चारही बाजूंनी २ मीटर मोकळी जागा धरली की ३२ बाय १९, म्हणजे ६०८ चौरस मीटर. नुसत्या १० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटला ६१ घनमीटर माल लागतो. पण खरा खर्च त्याच्या खाली आहे. जागा काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं काँक्रीट उभं-आडवं फोडते. माती किमान दोन-तीन फूट काढून मुरूम भरायचा, तोही १५ सेंटीमीटरच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवून. हे टाळलं तर दुसऱ्याच उन्हाळ्यात भेगा दिसतात, मग त्यावर अ‍ॅक्रिलिकचा रंगथर कितीही चांगला असो. रंगाची घाईही तशीच नडते. काँक्रीटला २८ दिवस झाल्याशिवाय अ‍ॅक्रिलिक लावलं की फोड येतात.

नदीकाठची स्वस्त जागा भाड्याने घ्यायचाही एक पर्याय पुढे आला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ ला पुन्हा पूर आला. पुराचा गाळ अ‍ॅक्रिलिकवर वाळला की पृष्ठभाग गेला म्हणूनच समजायचं.

म्हणून शाळेचं जुनं कोर्ट. तिथे पहिल्या दिवशी टेप लावून मोजल्यावर रिंग २.९६ मीटरवर भरली. असायला हवी ३.०५. रिंग कुणी खाली केली नव्हती. मधल्या काळात जुन्या सिमेंटवर नवा थर टाकला होता आणि खांब तसेच राहिले होते. जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत हे सापडेल. नऊ सेंटीमीटर कमी उंचीवर घोटलेला शॉट स्पर्धेत रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो, आणि मुलीला वाटतं आपला हात बिघडला. मोजताना टेप रिंगच्या वरच्या कडेला लावायचा आणि थेट रिंगखालच्या जमिनीपर्यंत न्यायचा. खांबाच्या बुडाशी उंचवटा असतो, तिथलं माप चुकतं. दोन्ही बोर्ड सोडवून नवीन भोकं पाडून वर घेतले. एक दिवसाचं वेल्डिंगचं काम. खांबाला फोमचं आवरण नव्हतं, ते जमिनीपासून दोन मीटरपर्यंत बांधून घेतलं.

चेंडू मुलींसाठी ६ नंबरचा (५१० ते ५५० ग्रॅम), बारा वर्षांखालच्यांना ५ नंबरचा आणि रिंग २.६० मीटरवर. लहान मुलींना ७ नंबरचा चेंडू दिला की त्या तो छातीवरून ढकलायला शिकतात आणि ती सवय पुढे मोडत नाही. सिमेंटवर रबरीच चेंडू घ्यावा. महागडा कॉम्पोझिट (कृत्रिम चामड्याचा) तिथे एका हंगामात गुळगुळीत होतो.

खेळणं आणि शिकवणं

चांगली खेळाडू आपोआप चांगली प्रशिक्षक होत नाही. तिचा लेअप (धावत जाऊन रिंगजवळून मारलेला शॉट) शरीरात इतका मुरलेला असतो, की तो कुठल्या पावलांनी होतो ते तिला सांगता येत नाही. ती करून दाखवते आणि म्हणते, ‘असं कर.’ सुरुवातीला मुली नुसत्या बघत राहायच्या. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तिने साठलेल्या अर्जित रजेतून केला, त्याचा मोठा फायदा इथे झाला. कौशल्य तुकड्यांत कसं मोडायचं, ते कळलं. रजा ३०० दिवसांपर्यंत साठते, आणि खेळाडूंची ती बहुधा पडूनच असते. खेळत असतानाच हा अभ्यासक्रम उरकलेला बरा.

तिचा आताचा सराव ७५ मिनिटांचा आहे. त्यातली पहिली पंधरा मिनिटं चेंडूच नसतो: उडी मारायची, दोन्ही पायांवर मऊ उतरायचं, गुडघे बोटांच्या रेषेत ठेवून तीन आकडे थांबायचं. मग एका पायावर. मग वळून. पालक विचारतात, ‘मॅडम, चेंडू कधी देणार?’ पण अशा सरावाने एसीएलच्या इजा साधारण निम्म्याने घटतात. सरावात ही पंधरा मिनिटं नसतील तर तो सराव अपुरा आहे, असं आमचं ठाम मत आहे.

मुलींसाठीची शिस्तही कागदावर आहे. पालकांची लेखी संमती, जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर, कुठल्याही मुलीला एकटीने बंद खोलीत शिकवायचं नाही, अंधार पडायच्या आत सराव बंद.

आणि प्रमाणपत्रं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि पुढे राज्य शासनाच्या नोकऱ्यांतलं ५ टक्के आरक्षण, दोन्ही या कागदांवर उभं असतं. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे पडताळणीला जातं. नावातलं एक अक्षर, जन्मतारीख, स्पर्धेचा स्तर किंवा सही यांत फरक निघाला की पडताळणी अडते, आणि दहा वर्षांनंतर ती दुरुस्त करायला कुणी जाग्यावर सापडत नाही. ही खेळाडू आता प्रमाणपत्र हातात पडल्याच्या आठवड्यातच ते शाळेच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहते, चूक असेल तर तेव्हाच जिल्हा क्रीडा कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज देते आणि पोच घेऊन फाइलला लावते. रजेचं टेबल सांभाळताना लागलेली ही सवय आहे.

सध्या मैदानावर सव्वीस मुली येतात. ऑफिस सुपरिंटेंडेंटच्या निवडीला ती अजून बसलेली नाही. पुणे विभागात ज्येष्ठता तळाशी असल्याने पाळी यायला वेळ आहे, तोवर नियमांचं वाचन रविवारी चालतं. गुडघ्याचा एक्स-रे वर्षातून एकदा, रेल्वेच्याच दवाखान्यात.